लाइटकर्व्ह: पावसाळी कोकणात बसून छोटे खडकाळ ग्रह शोधायचं मोफत साधन

मृग बरसला की गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणी सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत जातात, त्या दिवाळीपर्यंत बाहेर येत नाहीत. काढून उपयोगही नसतो. आभाळ दिसत नाही आणि दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. पण दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे छोटे खडकाळ ग्रह हा ज्यांचा विषय आहे, त्यांच्यासाठी हेच चार महिने कामाचे आहेत, कारण या शोधाचा पहिला टप्पा गच्चीवरून होतच नाही. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर ताऱ्याचा उजेड दहा लाखांत फक्त 84 भाग कमी होतो. आपल्या वातावरणाची थरथरच त्याहून कितीतरी मोठी असते. हे मोजमाप अवकाशातूनच व्हायला हवं, आणि 18 एप्रिल 2018 रोजी उडालेली नासाची टेस दुर्बीण ते करते आहे. तिचा बहुतेक डेटा बाल्टिमोरच्या मास्ट संग्रहात सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. त्यासाठी खातंसुद्धा उघडावं लागत नाही.

तो डेटा उतरवून घेऊन त्यात ग्रह शोधायचं पायथनमधलं पॅकेज म्हणजे लाइटकर्व्ह. मुक्त स्रोत आहे, पैसे पडत नाहीत, केप्लर आणि के2 मोहिमांचा डेटाही तेच वाचतं. आमचं मत आधीच सांगतो: या कामासाठी यापेक्षा सोयीचं साधन नाही, पण त्यातली तयार मूल्यं तशीच ठेवली तर नेमका लहान ग्रह हातचा जातो. गुरूसारखे मोठे ग्रह कसेही सापडतात. पृथ्वीएवढा ग्रह हवा असेल तर प्रत्येक पायरीवर आकडा स्वतः ठरवावा लागतो.

बसवणं सोपं आहे. मिनिकोंडा टाका, त्यात वेगळं एन्व्हायर्नमेंट करा आणि पिपने लाइटकर्व्ह घ्या. वेगळं एन्व्हायर्नमेंट आवश्यक आहे, नाहीतर आधीच्या नमपाय या गणिती पॅकेजच्या आवृत्तीशी भांडण लागतं आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. 8 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. तेवढाही नसेल तर गूगल कोलॅबवर सगळं चालतं, मात्र माऊसने हाताळायचे आलेख स्वतःच्या मशीनवरच्या जुपिटर नोटबुकमध्येच नीट उघडतात. माहितीपुस्तिका आणि शिकवण्या इंग्रजीत आहेत. चांगल्या लिहिलेल्या आहेत, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कोणीतरी शेजारी बसून पहिल्या दोन-तीन शिकवण्या सोडवून द्याव्यात. कोकणातल्या कॉलेजांच्या भौतिकशास्त्र विभागांना ते सहज जमण्यासारखं आहे.

इंटरनेटचा हिशेब पावसाळ्यात महत्त्वाचा ठरतो. टेस एका पट्ट्याकडे साधारण 27 दिवस बघते, त्याला सेक्टर म्हणतात. एका ताऱ्याचा एका सेक्टरचा 2 मिनिटांच्या नोंदींचा प्रकाशवक्र (वेळेनुसार उजेड दाखवणारा आलेख) सुमारे 2 एमबी असतो, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही येतो. त्याच ताऱ्याची पिक्सेल फाइल, म्हणजे त्याच्या आसपासची मूळ चित्रं, मात्र 50 एमबीच्या आसपास जाते. म्हणून आधी प्रकाशवक्र बघावा, काही दिसलं तरच पिक्सेल फाइल मागवावी. वीज किंवा रेंज मध्येच गेली तर अर्धवट उतरलेली फाइल लाइटकर्व्हच्या कॅश फोल्डरमध्ये पडून राहते आणि पुढच्या वेळी प्रोग्राम तीच उघडायला जातो. मग ‘फाइल खराब असावी, डिस्कवरून काढून टाका’ असा संदेश येतो. पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. संदेशात फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला असतो, ती एकच फाइल पुसा आणि आज्ञा परत चालवा. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा त्रास निम्म्यावर येतो.

आता प्रत्यक्ष काम. हात बसवायला एल 98-59 हा तारा घ्या. टेसच्या यादीतला त्याचा टिक क्रमांक 307210830. तो 35 प्रकाशवर्षांवरचा लाल बटू, म्हणजे लहान, थंडसर तारा आहे, त्रिज्या सूर्याच्या 0.31 पट. रत्नागिरीहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम 5 अंश चढतो, म्हणजे दुर्बिणीतून बघायची सोय नाहीच. त्याच्याभोवती अधिक्रमण करणारे, म्हणजे आपल्याकडून बघताना ताऱ्यासमोरून जाणारे, तीन ग्रह माहीत आहेत: बी चा आवर्तकाल (एका फेरीचा वेळ) 2.25 दिवस, सी चा 3.69 आणि डी चा 7.45. बी हा पृथ्वीच्या सुमारे 0.8 पट त्रिज्येचा आहे. उत्तर माहीत असल्यामुळे आपली मूल्यं बरोबर आहेत का ते लगेच कळतं. सी आणि डी सापडले पण बी सापडला नाही, तर दोष डेटात नसून तुमच्या पायऱ्यांत आहे.

शोधाची आज्ञा दिली की लांबलचक यादी येते. एकाच सेक्टरचा डेटा एसपीओसी, टेस-एसपीओसी, क्यूएलपी अशा वेगवेगळ्या प्रक्रियांतून गेलेला असतो, शिवाय 20 सेकंदांचा वेगळा आणि 120 सेकंदांचा वेगळा. ‘सगळं उतरव’ म्हटलं की तेच तेच मोजमाप तीन-तीनदा एकत्र शिवलं जातं आणि मोजमापातल्या गोंधळाचा (नॉइजचा) अंदाज पार चुकतो. म्हणून लेखक (म्हणजे प्रक्रिया) एसपीओसी आणि एका नोंदीचा कालावधी 120 सेकंद असं बांधूनच मागा. सुरुवातीला फक्त सेक्टर 2 घ्या.

यानंतर येते फ्लॅटन ही आज्ञा, आणि बहुतेकांचा लहान ग्रह इथेच जातो. तारा स्वतः डागांमुळे हळूहळू कमी-जास्त होतो, ती लाट काढून वक्र सपाट करणं हे तिचं काम. त्यासाठी ती एक खिडकी सरकवत नेते. खिडकीची तयार लांबी 101 नोंदी आहे. 2 मिनिटांच्या नोंदींत ती होते 3 तास 22 मिनिटं. एल 98-59 बी चं अधिक्रमण साधारण तासाभराचं, म्हणजे खिडकीचा जवळपास तिसरा हिस्सा. मग आज्ञेला ती घट म्हणजे ताऱ्याचीच लाट वाटते आणि ती घट भरून काढते. रंधा खोल लावला की गाठीबरोबर लाकूडही जातं, तसं. आज्ञेत टोकाचे बिंदू वगळायची सोय आहे, पण ती इथे कामी येत नाही. बी ची घट 0.06 टक्के आणि या ताऱ्याच्या एकेका 2 मिनिटांच्या नोंदीतला गोंधळ त्याहून जास्त, त्यामुळे एकटा बिंदू ‘टोकाचा’ ठरतच नाही. खिडकी किमान एका दिवसाची ठेवा. 721 हा आकडा चालतो, विषमच लागतो. तारा फार वेगाने फिरणारा असेल आणि एवढी मोठी खिडकी पुरत नसेल, तर वोतान हे दुसरं मोफत पॅकेज वापरा. त्यातली बायवेट पद्धत अपेक्षित अधिक्रमणाच्या तिप्पट खिडकीवर चांगलं काम करते.

बाहेर पडलेले बिंदू काढायच्या आज्ञेतही तीच काळजी. वरची बाजू कापा, खालची कापू नका. वर जातात त्या ज्वाला आणि वैश्विक किरण. खाली जातं त्यात तुमचा ग्रह असू शकतो.

मग बीएलएस म्हणजे चौकोनी घट शोधायची पद्धत. आवर्तकाल 0.5 ते 13 दिवस आणि घटीचा कालावधी 0.03, 0.04, 0.06, 0.08, 0.1 दिवस असे स्वतः भरा. आलेखात पहिला उंच सुळका बहुधा सी चा येईल. त्याची अधिक्रमणं झाकून पुन्हा चालवा, मग डी, मग बी. एका सेक्टरवर हे लॅपटॉपला फार वेळ घेत नाही. पण बरेच सेक्टर जोडले की आवर्तकालाची जाळी जुनीच ठेवून चालत नाही. हिशेब असा: आवर्तकालातली चूक गुणिले फेऱ्यांची संख्या ही अधिक्रमणाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी राहिली पाहिजे. तीन वर्षांच्या डेटात 2.25 दिवसांचा ग्रह जवळपास 487 फेऱ्या मारतो. तासाभराच्या अधिक्रमणाचा चौथा हिस्सा 0.01 दिवस. म्हणजे जाळीची पायरी 0.00002 दिवसाच्या आत हवी. 0.002 ठेवली तर घटी एकमेकींवर बसत नाहीत आणि डेटा वाढवूनही सुळका उलट बुटका होतो. ‘जास्त सेक्टर घेतले तर ग्रह नाहीसा झाला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

बीएलएसने काठावरचा संकेत दिला तर टीएलएस ही दुसरी पद्धत चालवून बघा. ती चौकोनाऐवजी खऱ्या अधिक्रमणाचा गोलसर आकार वापरते, कारण ताऱ्याची तबकडी कडेला अंधूक असते. लहान ग्रहांत हा फरक जाणवतो. वेळ मात्र जास्त लागतो, ती रात्री लावून झोपावं. टेसच्या अधिकृत प्रक्रियेचा उंबरठा 7.1 सिग्मा आहे, म्हणजे संकेत गोंधळाच्या 7.1 पट हवा. त्याखालच्या संकेतावर घाईने नाव कोरू नये.

घट सापडली की त्रिज्या निघते. खोलीचं वर्गमूळ गुणिले ताऱ्याची त्रिज्या. 0.0006 चं वर्गमूळ 0.0245, त्याला 0.31 आणि सूर्य-पृथ्वीच्या त्रिज्यांचं गुणोत्तर 109 यांनी गुणलं की 0.83 पृथ्वी त्रिज्या. इतकं सरळ आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. ताऱ्याची त्रिज्या चुकली की ग्रह चुकला. टीओआय-700 या ताऱ्याच्या बाबतीत सुरुवातीच्या नोंदीत तारा सूर्याच्या जवळपासचा धरला गेला होता, त्यामुळे ग्रह खऱ्यापेक्षा मोठे आणि तापलेले वाटत होते. तारा छोटा लाल बटू आहे हे लक्षात आल्यावरच टीओआय-700 डी हा पृथ्वीच्या आकाराचा, 37 दिवसांत फेरी मारणारा ग्रह म्हणून जानेवारी 2020 मध्ये पुढे आला.

दुसरी अडचण टेसच्या पिक्सेलची. एक पिक्सेल 21 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). केप्लरचा 4 विकलांचा होता. टेसच्या एका पिक्सेलमध्ये शेजारचे पाच-सहा अंधूक तारे सहज मावतात, आणि त्यातले कुणी एकमेकांना ग्रहण लावणारे जोडतारे असतील तर त्यांची खोल घट मुख्य ताऱ्याच्या उजेडात विरघळून ग्रहासारखी उथळ दिसते. समजा 10 प्रतीच्या ताऱ्यात 0.06 टक्के घट आहे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो मोठा तितका तारा अंधूक). 15 प्रतीचा शेजारी 100 पट अंधूक, त्याच्यात 6 टक्क्यांची घट झाली तरी नेमकं हेच चित्र येतं. 8 प्रतींनी अंधूक शेजाऱ्याला त्यासाठी जवळपास 95 टक्के झाकलं जावं लागेल. म्हणजे 8 प्रतींपर्यंतचा प्रत्येक शेजारी संशयित.

इथे लाइटकर्व्ह खरोखर उजवं ठरतं. पिक्सेल फाइल उघडा, अधिक्रमणाबाहेरच्या चित्रांची सरासरी घ्या, त्यातून अधिक्रमणातल्या चित्रांची सरासरी वजा करा. उरलेल्या चित्रात जो पिक्सेल उजळ दिसतो, तिथे घट झाली. तो तुमच्या ताऱ्यावर नसून बाजूला असेल तर उमेदवार बाद. त्याच फाइलवर गाया या अवकाश दुर्बिणीच्या तारासूचीतले शेजारी टिंबांनी दाखवायची सोय आहे, टिंबावर कर्सर नेला की प्रत आणि अंतर दिसतं. लहान ग्रहांच्या मागे लागणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. दुर्दैवाने शिकवण्यांमध्ये हा भाग बराच मागे टाकलेला आहे.

सम आणि विषम क्रमांकाच्या घटी वेगळ्या काढून त्यांची खोली ताडून बघा. फरक पडला तर ते दुप्पट आवर्तकालाचे जोडतारे. अर्ध्या फेरीवर दुसरी घट दिसते का तेही बघा. आवर्तकाल 13.7 दिवसांच्या किंवा त्याच्या निम्म्याच्या जवळ आला तर सावध व्हा, कारण टेसची स्वतःची कक्षा 13.7 दिवसांची आहे आणि दर फेरीत पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला उजेड कॅमेऱ्यात शिरतो. डेटातल्या खंडाला चिकटून येणाऱ्या घटीही बहुधा अशाच. पार्श्वभूमीच्या उजेडाचा रकाना सोबतच असतो, तो त्याच वेळी उसळला आहे का ते आलेखात टाकून बघायला मिनिटही लागत नाही.

इथवर आल्यावर कॅलटेककडून चालवलं जाणारं एक्सोफॉप हे ग्रह-उमेदवारांच्या नोंदींचं संकेतस्थळ उघडावं. तेही मोफत आणि या साधनाचं खरं जोडीदार. टिक क्रमांक टाकला की ताऱ्याचे गुणधर्म, आधी झालेल्या वर्णपटांच्या आणि उच्च विभेदनाच्या चित्रांच्या नोंदी, आणि उमेदवार आधीच खोटा ठरलाय का, हे सगळं एका पानावर मिळतं. पान दिसायला रूक्ष आहे आणि मोबाइलवर वाचणं जिकिरीचं. पण तिथल्या एका ओळीमुळे तुमचा आठवडा वाचू शकतो.

गाया सूचीतला रूवे हा आकडाही बघा, ताऱ्याची हालचाल एकट्या ताऱ्यासारखी आहे का ते तो सांगतो. 1.4 च्या वर असेल तर ताऱ्याला न दिसणारा जोडीदार असण्याची शक्यता वाढते. जोडीदार तितकाच तेजस्वी असेल तर खरी घट निम्मीच दिसते आणि ग्रह 1.41 पट लहान भासतो. तुम्हाला 1.4 पृथ्वी त्रिज्येचा खडकाळ ग्रह वाटतोय तो प्रत्यक्षात 2 त्रिज्यांचा निघतो. साधारण 1.6 त्रिज्येपुढचे ग्रह बहुधा वायूचं किंवा पाण्याचं जाड आवरण घेऊन असतात, म्हणजे ग्रह खरा असूनही खडकाळ राहत नाही.

आणि खडकाळ आहे हे सांगायला शेवटी वस्तुमानच लागतं. ते लाइटकर्व्ह देत नाही, देऊ शकत नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते वर्णपटावरून मोजावं लागतं. पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त 9 सेंटिमीटर वेगाने डुलवते. एल 98-59 बी ताऱ्याला सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर हलवतो, आणि ते चिलीतल्या व्हीएलटीवरच्या एस्प्रेसो यंत्राने मोजलं गेलं. त्यावरून 2021 मध्ये त्याचं वस्तुमान शुक्राच्या निम्मं निघालं. आपल्याकडे अरीय वेगाचं, म्हणजे ताऱ्याचं हे डुलणं मोजायचं काम माउंट अबूला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा पारस-2 या वर्णपटमापकाने करते, तिथल्या 2.5 मीटरच्या दुर्बिणीवर. वस्तुमान मोजणं शक्य नसेल तेव्हा ट्रायसेराटॉप्ससारख्या प्रोग्रामने खोटेपणाची संभाव्यता काढतात आणि ती एखाद्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली आली की ग्रह मान्य होतो. तिथे घनता कळलेली नसते, हे विसरू नये.

दिवाळीनंतर दुर्बीण बाहेर काढल्यावर किनाऱ्यावरच्या गच्चीचा उपयोग शेजारी तपासायला होतो. 8 इंची दुर्बीण, थंड केलेला मोनोक्रोम कॅमेरा, 60 सेकंदांची चित्रं, मोजणीला अ‍ॅस्ट्रोइमेजजे. मुख्य ताऱ्यातली 0.06 टक्के घट तुम्हाला कधीच दिसणार नाही, पण 2.5 कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आतल्या 14-15 प्रतीच्या शेजाऱ्यात 6 टक्के घट झाली की नाही ते चित्रांची सरासरी काढून सांगता येतं. त्याहून अंधूक शेजारी मोठ्या दुर्बिणींवर सोडावेत. खाऱ्या हवेत दव लवकर धरतं, तेव्हा हीटरची पट्टी पहिल्या चित्रापासूनच चालू ठेवा. मध्येच लावली तर फोकस सरकतो आणि वक्रात खोटी पायरी येते. पश्चिमेला 30 अंशांखाली बोटींच्या दिव्यांचा उजेड आणि धुरकं दोन्ही असतं, तो भाग टाळा. सरावाला डब्ल्यूएएसपी-43 बी हा ग्रह घ्या. खडकाळ नाही, पण फेरी 19.5 तासांची, घट 2.5 टक्के, आणि तारा रत्नागिरीहून 60 अंशांवर चढतो. जानेवारी ते एप्रिल त्याचा हंगाम.

गच्चीवरची वेळ ठरवताना एक चूक फार होते. टेसची वेळ बीटीजेडीमध्ये असते, म्हणजे बीजेडी या खगोलीय दिवसगणनेतून 2457000 वजा केलेली, आणि ती सौरमालेच्या गुरुत्वमध्यावरची. आपल्या घड्याळात आणताना ते 2457000 परत मिळवा, प्रकाशाच्या प्रवासाचा 8 मिनिटांपर्यंतचा फरक धरा, टीडीबी (टेसच्या नोंदींची वेळ) आणि यूटीसी (जागतिक वेळ) यांमधला मिनिटाहून थोडा जास्त फरक काढा, आणि मग साडेपाच तास मिळवा. एक्सोफॉपवर स्वतःचा उमेदवार सीटीओआय (अधिकृत यादीबाहेरून सुचवलेला टेसचा उमेदवार) म्हणून नोंदवतानाही पूर्ण बीजेडीच भरायची असते, सोबत आवर्तकाल, खोली आणि कालावधी, प्रत्येकाच्या त्रुटीसह. आवर्तकालाची त्रुटी रिकामी सोडली तर पुढच्या हंगामात अधिक्रमण नेमक्या कोणत्या रात्री आहे हे दुसऱ्या कुणालाच काढता येत नाही.